कुत्र्याच्या परवान्यापासून मतपत्रिकेपर्यंत

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात कुत्रा पाळायचा तर दरवर्षी त्याचा परवाना काढावा लागतो. रेबीजची लस टोचल्याचा दाखला घेऊन टाउन हॉलमध्ये जायचे, खिडकीवर पैसे भरायचे आणि गळपट्ट्याला अडकवायचा बिल्ला घेऊन यायचे. त्याच खिडकीवर लग्नाचा परवाना निघतो, नव्या दुकानाच्या नावाची नोंद होते, वडिलांच्या मृत्यूचा दाखला मिळतो आणि मतदार म्हणून नावही घालता येते. ही खिडकी सिटी क्लार्कची. गाव लहान असेल तर टाउन क्लार्कची.

आपल्याकडे ही कामे इतक्या दारांत वाटली गेली आहेत की एकाच माणसाकडे ती सगळी असू शकतात, हे पटकन पटत नाही. जन्ममृत्यूची नोंद पालिकेच्या आरोग्य खात्यात, सभेचे इतिवृत्त नगरसचिवांकडे, मतदारयादी घरोघर तपासायला बीएलओ म्हणून शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीताई, आणि पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली.

मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र या दप्तराची सुरुवात फार जुनी. जन्म, विवाह आणि मृत्यू लिहून ठेवावेत असा हुकूम तिथल्या वसाहतीने १६३९ मध्येच काढला होता. पुढे १८४१ मध्ये अशा नोंदी राज्यपातळीवर गोळा करणारे अमेरिकेतले पहिले राज्यही तेच ठरले. मूळ नोंद आजही गावातच राहते. मूल बॉस्टनच्या रुग्णालयात जन्मले आणि आईवडील तेव्हा श्रूजबरीत राहत असतील, तर नोंद दोन्ही ठिकाणी सापडते. मुलाचे ओसीआय कार्ड काढायला बसलेल्या मराठी जोडप्याला हे ठाऊक असले तर बॉस्टनची एक खेप वाचते.

निवडणुकीचे काम या दप्तरातूनच उगवते. वर्षाच्या सुरुवातीला गावातल्या प्रत्येक घरी शिरगणतीचा फॉर्म जातो: घरात कोण राहते, जन्मतारीख काय, व्यवसाय काय. उत्तर आले नाही तर मतदाराचे नाव लगेच खोडत नाहीत, त्याला 'निष्क्रिय' यादीत टाकतात. अशा माणसालाही मत देता येते, फक्त ओळख आणि पत्ता दाखवावा लागतो. नोटीस पाठवूनही तो गप्प राहिला आणि राज्याच्या लागोपाठ दोन निवडणुकांत फिरकला नाही, तरच नाव कमी होते. मृत्यूची नोंदही याच कार्यालयात येत असल्याने यादीतून मृताचे नाव काढायला दुसऱ्या खात्याच्या पत्राची वाट पाहावी लागत नाही. वारलेल्या आजोबांची मतदार स्लिप वर्षानुवर्षे घरी येणाऱ्या आपल्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

अर्थात सगळीकडे असे नाही. न्यूयॉर्कच्या सिटी क्लार्कचा निवडणुका घेण्याशी संबंध नाही. ते काम निवडणूक मंडळाचे. मॅनहॅटनमध्ये वर्थ स्ट्रीटवरच्या त्याच्या कार्यालयात गर्दी असते ती लग्नाळूंची. परवाना हातात पडल्यावर साधारणपणे चोवीस तास थांबायचे आणि साठ दिवसांच्या आत लग्न उरकायचे.

दुसरे टोक विस्कॉन्सिनचे. तिथे सुमारे १,८५० शहरे, गावे आणि खेडी आहेत आणि मतदान घेण्याची जबाबदारी त्या त्या ठिकाणच्या क्लार्कची. कित्येक जण हे काम अर्धवेळ करतात. मतपत्रिका पाठवणे, परत आलेले लिफाफे जपणे, मतदान केंद्रांवर माणसे नेमून त्यांना शिकवणे, सगळे त्यांच्याच गळ्यात. राज्याचा निवडणूक आयोग वरून नियम सांगतो, पण लिफाफा हाताळणारे हात गावातलेच. मला ही रचना आवडते, कारण शंका आली तर कुणाला विचारायचे हे मतदाराला माहीत असते. पण ती सगळा भार किती थोड्या खांद्यांवर टाकते, हे मॅडिसनमध्ये दिसले.

नोव्हेंबर २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत राजधानीच्या या शहरात आगाऊ आलेली १९३ मते मोजलीच गेली नाहीत. ती चोरीला गेली नव्हती की कुणी फाडलीही नव्हती. सीलबंद थैल्यांत ती तशीच राहिली आणि मतदानानंतर सापडली. कुठलाही निकाल त्यांनी फिरला नसता. तरी प्रकरण चिघळले ते नंतरच्या दिरंगाईने: पहिल्या थैलीचा पत्ता नोव्हेंबरमध्येच लागला होता, राज्याच्या निवडणूक आयोगाला मात्र कळले डिसेंबरात. चौकशीत क्लार्कवर कायदा मोडल्याचा ठपका आला. अनेक वर्षे ते पद सांभाळलेल्या बाईंनी २०२५ मध्ये राजीनामा दिला.

मत न मोजले गेलेल्यांच्या वतीने प्रत्येकी पावणेदोन लाख डॉलर भरपाईची मागणी झाली. त्यावर शहराच्या बाजूने बचाव असा झाला की राज्याच्या कायद्यात केंद्रावर जाऊन मत देणे हा हक्क आहे, आगाऊ मत देणे ही निव्वळ सवलत. सवलत हुकली म्हणून भरपाई कसली? कायद्यात तसे शब्द खरोखरच आहेत. पण गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनीसुद्धा या युक्तिवादाविरुद्ध न्यायालयात म्हणणे मांडले. वकिलाने असा मुद्दा काढला तर समजू शकते. मतदारांना ते लिफाफे पाठवले होते मात्र क्लार्कच्याच कार्यालयाने.