रंग बदलला नाही, तरी...

एंडोस्कोपीत जठराचा कणभर तुकडा काढून युरियाच्या जेलमध्ये ठेवतात. त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल तर त्याचे युरिएज हे विकर युरिया फोडून अमोनिया तयार करते आणि पिवळे जेल गुलाबी होते. वेळेत गुलाबी झाले तर निदान सहसा पक्के. पिवळेच राहिले तर मात्र लगेच निश्चिंत होऊ नये. मेडिकलमधून सहज आणलेली पॅन्टोप्राझोल ही अ‍ॅसिडिटीची गोळी जंतूंची संख्या घटवते आणि चाचणी फसते. म्हणून ही गोळी डॉक्टरांना विचारून 2 आठवडे आधी थांबवतात. अँटिबायोटिक घेतले असेल तर 4 आठवडे जाऊ देतात. अल्सरमधून रक्तस्राव होत असतानाही निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. तुकडे जठराच्या खालच्या आणि मधल्या अशा दोन्ही भागांतून घेतलेले बरे.