डिसोझाबाईंचं आडनाव आणि डेटाबेस

कॉलेजात आधी शिकवतात ते एचटीएमएल. पान कुणीही उघडो, दिसणार तेच. पीएचपी आणि मायएसक्यूएल आले की पान मागणीनुसार घडतं: रोल नंबर टाका, सर्व्हर टेबलातून तुमचीच ओळ काढून देतो. दोन्ही १९९५ची. ('माय' हे कर्त्याच्या मुलीचं नाव, आपल्या मायशी संबंध नाही!) टेबलांमागचा विचार मात्र ई. एफ. कॉड यांचा, १९७०चा.

लॅबमधला ठरलेला प्रोजेक्ट म्हणजे विद्यार्थी नोंदणी. पाटील, शिंदे, कुलकर्णी बिनबोभाट नोंदले जातात. मग वसईची कुणी डिसोझा इंग्रजीत आडनाव भरते. 'डी'नंतरचा तो सिंगल कोट म्हणजे मजकूर संपला, असं डेटाबेस समजतो आणि एरर फेकतो. याच फटीतून कुणी स्वतःची आज्ञाही घुसवू शकतो. त्याला म्हणतात एसक्यूएल इंजेक्शन. उतारा म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट: आज्ञेचा साचा आधी पाठवायचा, नाव मागाहून वेगळं. खरं तर हे पहिल्याच तासाला शिकवायला हवं.

मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर कॅरॅक्टर सेट तपासा. मायएसक्यूएलच्या ८.०पूर्वीच्या आवृत्त्यांत तो मुळात लॅटिन-१ असे. देवनागरीला यूटीएफ-८ लागतो.