सप्ताहाचे कीर्तन आणि थेट प्रक्षेपणाचे नियम

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. गळीत हंगाम आटोपेपर्यंत त्यांचे परतणे होत नाही. याच महिन्यांत गावोगावी अखंड हरिनाम सप्ताहही होत असतात. कोपीवर राहणाऱ्या कुटुंबाला गावच्या काल्याची हकीकत पूर्वी परतल्यावरच ऐकावयास मिळे. आता मंडपातील एखादा तरुण मोबाइलवरून कीर्तनाचे थेट प्रक्षेपण करतो आणि फडावरून परतलेला मजूर ते पाहू शकतो.

या प्रथेला खरा वेग आला तो टाळेबंदीने. मार्च 2020 मध्ये मंदिरे बंद झाली, ती 16 नोव्हेंबर 2020 रोजी उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 पासून दर्शन सुरू झाले. या काळात कीर्तनाला श्रोता उरला तो पडद्यापलीकडचाच.

परळीचे वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी किंवा कपिलधार येथील मन्मथस्वामींची यात्रा यांचा शोध परगावचा भाविक आपणहून घेतो. दोन-अडीचशे उंबऱ्यांच्या गावाचे तसे नसते. त्या गावच्या वाहिनीभोवती श्रोतृवर्ग जमणार की नाही, हे कीर्तनकाराच्या वाणीइतकेच प्रक्षेपण-मंचाच्या नियमांवरही ठरते.

पहिला नियम प्रवेशाचा. यूट्यूबने 2017 च्या आरंभी मोबाइलवरून थेट प्रक्षेपणाची सोय दिली, ती 10,000 सबस्क्रायबर, म्हणजे नोंदलेले प्रेक्षक, असणाऱ्या वाहिन्यांना. पुढे ही अट 1,000 वर व नंतर 50 वर आली. परंतु पन्नास ते हजार यांमधील वाहिनीच्या मोबाइल प्रक्षेपणावर प्रेक्षकसंख्येची मर्यादा पडू शकते, आणि मागे उरणारे ध्वनिचित्रमुद्रण आपोआप 'खासगी' म्हणून साठविले जाऊ शकते. ही दुसरी बाब अनेकांच्या ध्यानी येत नाही. रात्री नऊचे कीर्तन दमलेल्या मजुराने दुसऱ्या दिवशी शोधावे, तर ते सापडत नाही. दोष मात्र 'नेटवर्क'ला दिला जातो. प्रक्षेपण संपताच ते मुद्रण 'सार्वजनिक' करणे, एवढाच उपाय पुरेसा आहे. संगणकाला कॅमेरा जोडून प्रक्षेपण केल्यास सबस्क्रायबर-संख्येची अट लागत नाही. तेव्हा ग्रामपंचायतीने किंवा शाळेने आपला संगणक चार रात्री मंडपात नेला, तर नव्या वाहिनीची मोठीच अडचण दूर होते. मात्र वाहिनीवर ही सुविधा प्रथमच सुरू करताना 24 तासांपर्यंत थांबावे लागते. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी दुपारी धावपळ करून काही साधत नाही.

दुसरा नियम सूचनांचा, आणि छोट्या वाहिनीचे भवितव्य बहुधा येथेच ठरते. सबस्क्रायबर झालेल्या प्रत्येकाला आपोआप प्रत्येक सूचना मिळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात घंटेच्या चिन्हावर 'सर्व' हा पर्याय निवडणाऱ्यालाच ती आशा धरता येते, आणि त्यालाही एका वाहिनीकडून 24 तासांत तीनपेक्षा अधिक सूचना जात नाहीत. आता सप्ताहाचा दिनक्रम पाहावा. पहाटे काकडा, दिवसा गाथा-भजन, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. उत्साही कार्यकर्ता चारही कार्यक्रमांचे स्वतंत्र प्रक्षेपण करतो. तीन सूचना हरिपाठापर्यंतच खर्ची पडतात आणि ज्यासाठी परगावी लोक जागे राहिलेले असतात, ते कीर्तन सूचनेविना सुरू होते. अधिक प्रक्षेपण म्हणजे अधिक प्रसार, हा हिशेब येथे लागू पडत नाही. प्रक्षेपणाची वेळ आधी नोंदवून मिळणारा दुवा गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळीच पाठविणे, हा मार्ग अधिक भरवशाचा.

संवादाची सोय ही छोट्या वाहिनीची खरी मिळकत होय. मोठ्या वाहिनीवर अभिप्रायांचा ओघ इतका वेगवान असतो की कोणाचेच नाव वाचले जात नाही. गावच्या वाहिनीवर मात्र 'राम कृष्ण हरी' लिहिणाऱ्यास नावानिशी उत्तर देता येते. त्यासाठी एक माणूस वेगळा बसवावा. चित्र सांभाळणाऱ्याकडून हे काम होत नाही. अपशब्द रोखण्याची आणि अभिप्रायांचा वेग कमी करण्याची सोयही त्याच्याच हाती द्यावी.

संगीताबाबत विशेष सावधगिरी हवी. पारंपरिक अभंगाच्या शब्दांवर कोणाचा मालकी हक्क नसला, तरी एखाद्या कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रणावर असतो. कीर्तनापूर्वी ध्वनिक्षेपकावर लावलेले मुद्रित भक्तिगीत यंत्रणा आपोआप ओळखते, आणि त्यापायी प्रक्षेपण मध्येच खंडित होऊ शकते. टाळ-मृदंगाला ही भीती नाही.

फेसबुकने एप्रिल 2016 मध्ये थेट प्रक्षेपण सर्वांसाठी खुले केले होते. जून 2024 पासून मात्र खाते किमान 60 दिवसांचे आणि पृष्ठाला किमान 100 अनुयायी अशी अट आली. 19 फेब्रुवारी 2025 पासून तेथील नवी थेट प्रक्षेपणे 30 दिवसांनंतर काढून टाकली जातात. म्हणजे माघातल्या सप्ताहाचे मुद्रण टोळी चैत्रात परतेपर्यंत तेथे राहीलच असे नाही. ते वेळीच उतरवून घ्यावे लागते. इन्स्टाग्रामने ऑगस्ट 2025 मध्ये 1,000 अनुयायांची अट घातल्याने नव्या वाहिनीला तो मार्ग जवळजवळ बंदच झाला आहे.

शाळांच्या स्नेहसंमेलनांनाही हेच नियम लागू पडतात; त्यांत एकाची भर आहे. 22 जुलै 2025 पासून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणाऱ्याचे वय किमान 16 असावे लागते. त्याहून लहान विद्यार्थी पडद्यावर एकटाच निवेदन करीत असल्यास प्रक्षेपण थांबविले जाऊ शकते. म्हणून शिक्षकाने त्याच्यासोबत चित्रात दिसेल असे उभे राहावे आणि खातेही शाळेतील प्रौढ व्यक्तीकडेच असावे.