कुळाचे नाव व धन्याचे भय

नांदेड व लातूर भागांत जमिनीच्या तंट्याची गोष्ट निघाली की, ‘अमक्याची जमीन कुळात गेली’ हे वाक्य आजही कानी पडते. या वाक्यात धन्याचे दुःख आहे. कुळाचे दुःख मात्र त्यात सहसा येत नाही. दोन्ही बाजू आमच्या वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. 1949 साली जहागिरी खालसा झाल्या व 1950 साली हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. त्या वेळी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर बिदर जिल्ह्यात होते. ठरलेल्या काळात ज्याने सलग 6 वर्षे जमीन कसली, तो संरक्षित कूळ ठरला. त्यास जमीन विकत घेण्याचा हक्कही मिळाला.

हेतू न्याय्य होता. पण फळ काय आले? अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांची हैदराबाद राज्यातील पाहणी 1958 साली प्रसिद्ध झाली. 1951 सालच्या दर 100 संरक्षित कुळांपैकी चार वर्षांत सुमारे 12 जण मालक झाले व 45 जण कूळच राहिले. सुमारे 22 जणांस बेकायदा काढून लावले गेले, आणि जवळजवळ 18 जणांनी जमीन ‘स्वखुशीने’ सोडली. ही स्वखुशी कितपत खरी होती, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

जमिनीचा कलह आपल्याच मुलखाचा आहे, असे नव्हे. युगोस्लाव्हियातील स्लोव्हेनियात 1949 पासून शेतकऱ्यांस सामुदायिक शेतीत ओढण्यात आले. 1953 साली बाहेर पडण्याची मुभा मिळताच बहुतेक संस्था मोडल्या. तेथील इव्हान पोत्रच यांनी 1954 साली खेड्यातील अशाच भूमिमोहावर कादंबरी लिहिली. आपल्याकडेही जानेवारी 1959 मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. चौधरी चरणसिंग यांनी तेथेच त्यास विरोध केला, आणि तो ठराव बहुतांशी कागदावरच राहिला. बी-बियाणे, कर्ज व विक्री यांत शेतकरी एकत्र येतो. बांध मोडण्यास मात्र तो सहज राजी होत नाही.

जुन्या कायद्याचे भय आजही शिल्लक आहे. धनी शहरात राहतो, जमीन बटईने देतो, पण करार तोंडी ठेवतो. नाव लागले तर जमीन जाईल, अशी त्यास धास्ती असते. परिणामी कसणाऱ्यास पीककर्ज मिळणे दुरापास्त होते. अतिवृष्टीत सोयाबीन कुजले, तर नुकसानभरपाई बहुधा सातबाऱ्यावरील नावाने येते. पीक एकाचे बुडते व पैसा दुसऱ्याच्या हाती पडतो.

धन्याचे भय निराधार आहे, असे आम्ही म्हणत नाही. म्हणूनच मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्यास लेखी आधार देणारी सोय हवी. निती आयोगाच्या समितीने 2016 साली तशा आदर्श कायद्याचा मसुदाही केला आहे. तोवर प्रत्येक खातेदाराने 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक, फेरफार व कुळांची नोंदवही एकदा तरी तपासून पाहावी. जुना घोळ आजच निस्तरावा, नातवांच्या माथी मारू नये. आणि भरपाई हाती आली, तर ज्याचे पीक बुडाले त्यास त्याचा वाटा द्यावा. यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.