सोमवारी चालू न होणारे संगणक

सकाळी ७.३०
बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत संगणक बंद पडायचा वार सोमवार. त्यात शनी-मंगळाचा काही हात नाही. शनिवारी रात्री शेडमधला शेवटचा माणूस जाताना मेन स्विच पाडून जातो. आगीच्या भीतीने पाडतो, आणि ते बरोबरच आहे. संगणक नुसता शटडाऊन केलेला असला, तर प्लगमधून ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मदरबोर्डपर्यंत पोचत राहतो. मेनच पाडला की घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग सांभाळायचं काम सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलवर येऊन पडतं. सेल ३ व्होल्टचा. जुना झालेला असला की रविवार त्याला झेपत नाही. मग सोमवारी दासरहळ्ळीत माझा चहा संपायच्या आत फोन येतो, "सर, कंप्युटर ऑन आग्तिल्ला."

मी फोनवरच विचारून घेतो: पंखा फिरतो का? बीप वाजते का? स्क्रीनवर एक तरी अक्षर उमटतं का? पंखाच फिरत नसेल तर पिशवीत एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, टाकायचा. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, आणि बीप थांबत नाही म्हटलं की बहुधा रॅम. अक्षरं उमटत असतील तर मदरबोर्ड जिवंत आहे. डिस्क नाहीतर सेटिंग बघायची. उत्तर देणारा पोरगा घाबरलेला असतो, त्यामुळे उत्तरं अर्धीच खरी असतात. तरी पिशवी हलकी होते.

९.००
जनरल शिफ्टचा भोंगा. १९५३ मध्ये सुरू झालेल्या एचएमटीचा जाळहळ्ळीतला कारखाना इथून जवळच. त्याच्या आगेमागे मशीन टूलवाले वाढले आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी पीण्याची वसाहत झाली. पहिली शेड बिडाच्या कास्टिंगचं मशिनिंग करणारी. बीड बऱ्याचदा कूलंटशिवाय, कोरडंच कापतात. त्याची काळी पूड म्हणजे लोखंड आणि ग्रॅफाइट, म्हणजे वीज वाहून नेणारी धूळ. ती रॅमच्या खाचेत बसली की संगणक आंधळा होतो. ऑपरेटर एअर गन घेऊन तयारच होता. त्याला थांबवलं. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, तेल असतं. शिवाय त्या झोतात पंखा वेड्यासारखा फिरून त्याचं बेअरिंग जातं. ब्रशने धूळ काढली, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या, परत बसवली. चालू.

११.१५
दुसऱ्या शेडमध्ये मात्र वेळ गेला. डिस्पॅचच्या दारात चाकणला जायची गाडी भरून उभी. माल पन्नास हजारांवरचा. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर असा माल ई-वे बिलाशिवाय हलत नाही, आणि बिल निघतं त्याच संगणकाला सकाळपासून निळी स्क्रीन. क्षणभर दिसते, की लगेच रीस्टार्ट. मालक मूळचे खानापूरचे. माझं कन्नड ऐकून पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "बेळगावचा काय रे तू?" तेव्हापासून आमचं मराठीतच चालतं.

"फॉरमॅट मारून टाक की एकदाचा. पण टॅली जाऊ देऊ नको."

"काका, फॉरमॅट मारला तर गाडी उद्या जाईल. पाच मिनिटं द्या."

फॉरमॅट हा आमच्या धंद्यातला आळशी उपाय. त्याने बिल होतं, रोग कळत नाही. मी पोराला विचारलं, सकाळी सगळ्यात आधी काय दिसलं? तो आठवून म्हणाला, इंग्रजीत काहीतरी, चेकसम एरर, डिफॉल्ट लोड केलं म्हणून. एफ १ दाबा म्हणाला, दाबला. निदान तिथेच झालं. सेल संपला, बायोस आपल्या जन्माच्या सेटिंगवर गेलं, आणि डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआयची आयडीई झाली. विंडोज ७ बसवली तेव्हा एएचसीआय होतं. आता विंडोजला चालू होताना स्वतःचीच डिस्क ओळखता येत नव्हती. खात्री करायला एफ ८ दाबून आपोआप रीस्टार्ट बंद केलं. निळी स्क्रीन थांबली आणि खाली ७बी हा कोड दिसला. नवीन सेल टाकला, बायोसमध्ये सेटिंग परत एएचसीआय केली. विंडोज उघडली, हिशेबाची टॅली जागेवर.

पोरगा आनंदाने पोर्टल उघडायला गेला आणि ओरडला, "नेट इल्ला!" नेट होतं. संगणकाच्या मते आज १ जानेवारी २००९ होती, आणि पोर्टलचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याच्या हिशेबाने अजून जन्मालाच आलं नव्हतं. तारीख सुधारली, बिल निघालं, गाडी तुमकूर रोडला लागली. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला रामराम ठोकला, इंटरनेटवर हे यंत्र ठेवू नका, हे मी काकांना याही वेळी सांगितलं. "चालतंय की," ते म्हणाले.

१.४५
उत्तर कर्नाटकवाल्यांच्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि एण्णेगाई. बेंगळुरात यापेक्षा मोठं सुख मला माहीत नाही.

३.००
सीएनसीशेजारचा संगणक, प्रोग्रॅम पाठवणारा. जनरेटरवरून लाइन परत आली आणि हा गेला. एसएमपीएस सोडवला, हिरवी तार काळीला जोडली. पंखा हललासुद्धा नाही. नवीन बसवायला दहा मिनिटं. पण कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या. एसएमपीएसच्या आतले फिल्टर कपॅसिटर थोडा करंट बॉडीवर सोडतात, तो अर्थिंगमधून निघून जावा अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर बॉडीवर मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. माणसाला चावतं तेवढंच, पण तिथून मशीनकडे गेलेली आरएस-२३२ ची केबल तो फरक सोसत नाही. दोन्हीकडचे पोर्ट जळतात. म्हणून ती केबल दोन्ही बाजू बंद असतानाच काढायची आणि लावायची. मागे गेलो तर अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, वर स्क्रॅपचं पिंप. इलेक्ट्रिशियनला बोलवा म्हटलं. सुपरवायझरने वहीत लिहून घेतलं. वही भरलेली दिसली.

५.४५
पीण्या इंडस्ट्रीहून मेट्रोने चिक्कपेटे, तिथून पायी एस. पी. रोड. सेलची पट्टी, दोन एसएमपीएस, एक जुनी आयडीई डिस्क. अशी डिस्क कोण घेतं, असं दुकानदार आता विचारत नाही.

८.१५
काकांचा फोन. बिल बघितलं होतं. "सेल तर स्वस्तात मिळतो की रे बाहेर."

"मिळतो. मार्करने आजची तारीख कॅबिनेटवर लिहिलीय, तीन वर्षांनी तुम्हीच बदला. आयुधपूजेला सगळं पुसता, त्या दिवशी पाच मिनिटांचं काम आहे."

"बरं."

"आणि कुंकू वरच्या पत्र्यावर लावायला सांगा. मागच्या जाळीत नको."

पैसे उद्या देतो म्हणाले.