गच्चीवरची वीज आणि घरातली बॅटरी

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. कळवा-पडघा या ४०० किलोव्होल्ट वाहिनीच्या एका मंडलाची दुरुस्ती चालू असल्याने भार दुसऱ्या मंडलावर टाकलेला होता, आणि बिघाड नेमका तेथे झाला. अशा वेळी ज्यांच्या गच्चीवर सौर पट्टिका आहेत त्यांचे पंखे तरी चालू राहत असतील, असे तुम्हांस वाटेल. पण बहुतेकांच्या घरी तसे होत नाही. ऊन असते, पट्टिका असतात, तरीही पंखा थांबतो. असे का व्हावे?

पट्टिकेतून मिळतो तो एकदिश प्रवाह. घरातील उपकरणांना हवा असतो २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तने करणारा प्रत्यावर्ती प्रवाह. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. शहरात बहुतेक ठिकाणी बसवतात तो इन्व्हर्टर रस्त्यावरून येणाऱ्या विजेच्या तालावर आपला ताल जुळवून घेतो. तो ताल थांबला, की काही क्षणांत तोही स्वतःला बंद करतो. यात दोष नाही, ही मुद्दाम केलेली सोय आहे. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनला एखाद्या गच्चीवरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसला तर? म्हणून वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी हवी, आणि घराचा भाग बाहेरच्या वाहिनीपासून तोडून चालवू शकेल असा इन्व्हर्टर हवा.

आता पट्टिकेकडे वळू. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्क्यांची तो वीज करी. आजच्या चांगल्या पट्टिका २० टक्क्यांच्या पुढे गेल्या आहेत. एक घट जेमतेम अर्धा व्होल्ट देतो. बारा व्होल्टची बॅटरी भरण्यास खरे तर तीस घट पुरावेत, पण लहान पट्टिकेत ३६ घट एकसरीत जोडलेले आढळतात. कारण घट तापला की त्याचा विद्युत्दाब उतरतो. पट्टिकेवर छापलेले वॅट हे घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाचे असतात. डोंबिवलीच्या गच्चीवर मे महिन्यात तो सहज ६० अंशांपर्यंत तापतो. दर अंशाला सुमारे ०.४ टक्के धरले, तर ३५ अंशांत १४ टक्के शक्ती गेली! सौर विजेला प्रकाश हवा, उष्णता नको, हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते.

दुसरा शत्रू सावली. खेळण्यातील एखादी लहान सौर पट्टिका मिळाली तर हा प्रयोग करून पाहा. ती उन्हात ठेवून मल्टिमीटरने प्रवाह मोजा. मग एकच घट पोस्टकार्डाने पूर्ण झाका. झाकला एकच घट, पण प्रवाह जवळजवळ नाहीसा होतो! एकसरीत सर्व घटांतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे सर्वांत दुबळा घट सगळ्यांना अडवतो. मोठ्या पट्टिकेत अशा घटांना वळसा घालणारे डायोड बसवलेले असतात, तरी पट्टिकेचा एक मोठा भाग निकामी होतोच. आपल्याकडे गच्चीवर पाण्याची टाकी, पत्र्याची शेड आणि शेजारची उंच इमारत, तिन्ही हजर!

बॅटरीचा हिशेब तोंडी करता येतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. पण ती पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून निम्मेच, ९०० धरू. इन्व्हर्टरमधील व्यय वजा जाता सुमारे ७६५ उरले. ७५ वॅटचे दोन पंखे आणि ९ वॅटचे चार दिवे मिळून १८६ वॅट, म्हणजे चार तास. तेच पंखे ३० वॅटचे, बीएलडीसी जातीचे असतील, तर ९६ वॅट आणि आठ तास! बॅटरी मोठी घेण्यापूर्वी पंखा बदलणे अधिक शहाणपणाचे. हे ९०० वॅट-तास दिवसात पुन्हा भरण्यास, हिवाळ्यातील कडक उन्हाचे पाच तास आणि सर्व प्रकारची घट धरून, सुमारे ३०० वॅटची पट्टिका लागते. आषाढात ढग दाटले की हा हिशेब कोलमडतो, आणि आपल्याकडे वीज जास्त जाते ती नेमकी त्याच दिवसांत. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत रिकामी करता येते व कितीतरी जास्त वेळा भरता येते. मात्र तिची किंमत अधिक.

मग डोंबिवलीच्या सदनिकेत काय करावे? माझ्या मते सगळे घर बॅटरीवर चालवण्याचा हट्ट धरू नये. बिल कमी करायचे तर बॅटरीविना, मीटरमार्गे वीज देवघेव करणारी योजना स्वस्त पडते. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार, आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठेवले गेले. गृहसंस्थांच्या सामाईक दिव्यांसाठी व पंपांसाठी किलोवॅटला १८ हजार. गच्ची सर्वांची असल्याने संस्थेचा ठराव आधी हवा. वीज गेल्यावर लागणारे दोन पंखे, चार दिवे आणि इंटरनेटचा डबा एवढ्यासाठी लहान बॅटरी वेगळी ठेवावी. शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या दूरच्या पाड्यावर मात्र गणित उलटे होते. तेथे बॅटरी हीच मुख्य.

बॅटरीची जागा विचारपूर्वक निवडावी. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून बंद कपाट नको, जवळ देवाचा दिवाही नको. दोन्ही टोकांवर चुकून पाना पडला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो. तळमजल्यावरच्यांनी २६ जुलै २००५ रोजी पाणी कोठवर चढले होते ते शेजाऱ्यांस विचारावे आणि त्याच्या वर फळी ठोकावी.

पट्टिका ठाण्यास दक्षिणेकडे सुमारे १९ अंश कलती ठेवतात, कारण आपला अक्षांश तेवढा आहे. १६ मे ते २७ जुलैच्या दरम्यान सूर्य दुपारी किंचित उत्तरेस असतो, पण तेव्हा तो इतका माथ्यावर असतो, की फारसे बिघडत नाही. खरी परीक्षा २२ डिसेंबरच्या सुमारास. त्या दिवशी दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवरच येतो आणि दोन मीटर उंच टाकीची सावली उत्तरेस सुमारे १.८५ मीटर पडते. सकाळी नवाला व दुपारी तीनला ती याहूनही लांब असते. गच्चीवर खडू घेऊन जा, तिन्ही वेळी सावलीच्या कडा आखा, आणि पट्टिका बसवणारा येईल तेव्हा त्याला त्या रेषा दाखवा.