चुकलेल्या बापासाठी डोळे का भरतात?

परवा सात रस्ता चौकात चहा पिताना शेजारच्या बाकावर दोन काकांची 'नटसम्राट' नाटकावरून जुंपली. एक म्हणाले, "अहो, आप्पांनी आपल्या हातानं सगळं वाटून टाकलं. त्यांचं कसलं कौतुक?" दुसरे शांतपणे म्हणाले, "मग शेवटी तुमचे डोळे का भरतात?"

रंगभवनाच्या रस्त्याला लागलो तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना.

सुमारे २३०० वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलनं याच प्रश्नाला हात घातला. शोकांतिकेचा नायक धुतल्या तांदळासारखा नको आणि खलपुरुषही नको, असं त्याचं म्हणणं. तो पडावा एखाद्या चुकीपायी. त्या चुकीला त्यानं शब्द वापरला 'हमार्शिया'. त्याचं मूळ 'नेम चुकणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे!

२३ डिसेंबर १९७० रोजी वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधले गणपतराव ऊर्फ आप्पा बेलवलकर रंगमंचावर आले. ती भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा अवघे ४३ वर्षांचे होते. आप्पांचा नेम कुठे चुकला? ज्या उमद्या मनानं त्यांनी रंगभूमीवर राजे उभे केले, त्याच मनानं मिळवलेलं सारं मुलांना देऊन टाकलं. ज्या बायकोला ते 'सरकार' म्हणत, तिच्या व्यवहारी शहाणपणाला मात्र किंमत दिली नाही. गुण आणि दोष एकाच मुळातून उगवलेले! दोष उपटायला जावं, तर नटसम्राटच हाती उरत नाही.

आपल्याकडे हे संस्कृत नाटककार भासानं फार आधी ओळखलं होतं. त्याच्या 'ऊरुभंग' नाटकात दुर्योधन मांड्या मोडून पडला आहे. त्याचा छोटा मुलगा दुर्जय येतो आणि सवयीनं बापाच्या मांडीवर बसायला जातो. बाप त्याला थांबवतो. भर सभेत द्रौपदीला मांडी दाखवणारा तो हाच. आणि आज पोटच्या पोराला बसायला त्याच्याकडे मांडी नाही. तरी तो सूड शिकवत नाही. माझी केलीस तशीच पांडवांची सेवा कर, असं तो मुलाला सांगतो. महाभारतातला खलनायक त्या क्षणी केवढा मोठा होतो!

म्हणून त्या काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: चुकलेला बाप नायक होऊ शकतो. पण चुकला म्हणून नव्हे. चुकीचं मोल तो स्वतः मोजतो आणि तेव्हाही त्याच्यातलं माणूसपण शाबूत राहतं, म्हणून.